साडेअकराशेचा दात

आमचं दुकान पळस्प्याला आहे, गोव्याचा रस्ता जिथे फुटतो तिथून चालत पाच मिनिटांवर. पोकलेन, जेसीबी आणि डंपरचे सुटे भाग विकतो. नवऱ्याने पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं होतं. तो गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी मालाच्या डब्यांवरून शिकले. पार्ट नंबर वाचता येतो, तेवढं पुरतं. भाव मला तोंडपाठ असायचे. कुणाला कितीला दिलं, त्याने किती घासाघीस केली, सगळं डोक्यात.

सून बी.कॉम. आहे. दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "आई, सगळे भाव तुमच्या डोक्यात आहेत. उद्या तुम्ही गेलात तर आम्ही काय करायचं?" दुसरी कुणी असती तर तिला वाईट वाटलं असतं. मला वाटलं नाही, खरं तेच होतं. मग तिने कोटेशन आणि बिलं करायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि महिनाभर मी भाव सांगत बसले, ती टाकत बसली.

ते चालतं असं. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, पार्ट नंबर टाकायचा, की उजवीकडे दोन चौकोन येतात. एकात त्या गिऱ्हाइकाला तो माल शेवटच्या वेळी कितीला दिला तो भाव. दुसऱ्यात, वर्षाचा करार असेल तर करारात ठरलेला भाव. करार चालू असेपर्यंत ठरलेला भाव आपोआप बिलात उतरतो. करार संपला की तो चौकोन रिकामा होतो आणि मागचा भाव उतरतो. चौकोनांची नावं इंग्रजीत होती, म्हणून सुनेने कॉम्प्युटरच्या काचेच्या कडेला चिकटपट्टी लावून त्यावर "ठरलेला" आणि "मागचा" असं पेनाने लिहून दिलं. मला माझ्या नावाने ते उघडायलाही शिकवलं. मी बिल करू शकते. दोन बोटांनी करते, पण करते.

करारातलं गिऱ्हाईक आमच्याकडे एकच. उलव्याच्या बाजूला डोंगर फोडून जमीन सपाट करणारी एक कंपनी. तिच्या पोकलेनना लागणारा बासष्ट प्रकारचा माल वर्षभर आम्ही पुरवायचा. त्यात सगळ्यात जास्त जातो तो बकेटचा दात, म्हणजे खोऱ्याच्या कडेला दगड फोडायला बसवलेला लोखंडी सुळा. काळ्या दगडात दात पंधरा दिवसांत बोथट होतो. वर्षाला बाराशे दात जातात. मार्चअखेर करार संपला आणि त्यांनी नवीन वर्षाचं कोटेशन मागितलं.

माझ्या मुलाला दुकानात रस नाही. तो बंदरावर नोकरीला आहे. त्याने एक टाइल्सवाला शोधून ठेवला होता, त्याला ही जागा भाड्याने हवी होती. मुलगा म्हणायचा, घरबसल्या भाडं येईल, तुम्ही दोघी हात काळे करत बसता कशाला? सुनेने त्याच्याशी बोली केली. करार मिळाला तर दुकान राहील. नाही मिळाला तर तीच शटरची किल्ली काढून देईल. टाइल्सवाला शनिवारी टोकन घेऊन येणार होता. कोटेशन गेलं बुधवारी.

बुधवारी सकाळी सुनेने बासष्ट ओळी भरल्या. "भाव वाढवायचे नाहीत," ती म्हणाली. "कळंबोलीचा एक दुकानदार टपून बसलाय. गेल्या वर्षी जे होतं तेच ठेवायचं." तिचं बरोबर होतं. करार संपल्यामुळे कॉम्प्युटरचं मशीन सगळीकडे मागचा भाव उतरवत होतं, आणि वर्षभर आम्ही ठरलेल्या भावानेच माल दिलेला, म्हणजे मागचा भाव तोच असणार. तिने एकेक ओळ तपासली नाही. मीही तपासली नसती. अकरा वाजता तिने मेल पाठवला, एक प्रत छापली आणि मला म्हणाली, "आई, ही फाइलला लावा."

मी चष्मा लावला आणि नुसतीच बोट फिरवत खाली आले. सतराव्या ओळीवर दात होता. पुढे भाव लिहिला होता साडेअकराशे.

आमची खरेदीच बाराशे नव्वद. करारात आम्ही चौदाशे ऐंशीला देत होतो.

तो साडेअकराशेचा आकडा कुठून आला ते मला त्याच क्षणी कळलं. तो माझा होता.

करार संपायला चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. त्या महिन्याचा माल कंपनीला महिन्याच्या सुरुवातीलाच जाऊन पोचला होता. सून बँकेत गेली होती. मी शटर वर केलं, पाणी मारलं, उदबत्ती लावली आणि बसतेय तोच त्या कंपनीचा मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. तो कोन गावचा, कामावर जाताना आमच्यावरूनच जातो. साइटवर एका पोकलेनची पिन तुटून दात दगडात पडलेला, शिल्लक माल संपलेला, पोकलेन उभं. एक दात हवा होता, रोख पैसे देऊन. आणि बिल कंपनीच्या नावाने, म्हणजे त्याला ते पैसे परत मिळतील.

"चौदाशे ऐंशी," मी म्हटलं.

त्याने खिसे उलटे केले. "मावशी, साडेअकराशे हायेत. नायतर जातो मी."

पहिलं गिऱ्हाईक. पहिलं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवत नाही. माझ्या सासऱ्यांनी मिठागरावर मीठ विकताना पाठवलं नाही, नवऱ्याने पाठवलं नाही. बोहनीला शंभर-दीडशे गेले तर गेले, दिवस उघडतो. ही काही फार मोठी श्रद्धा वगैरे नाही, रीत आहे. मी दात दिला. मग बिल करायला बसले. कंपनीचं नाव टाकलं, नंबर टाकला, मशीनने आपोआप चौदाशे ऐंशी उतरवले. मी ते खोडले आणि साडेअकराशे टाकले. मशीनने विचारलं, भाव ठरलेल्यापेक्षा कमी आहे, नक्की का? मी हो दाबलं. एकटीने बिल केलं म्हणून त्या दिवशी मी खूशही होते. सुनेला सांगायचं राहून गेलं.

आणि आता ते मशीन तोच भाव बाराशे दातांना लावून बसलं होतं. बाराशे गुणिले एकशे चाळीस. गुणाकार मला येतो. एक लाख अडुसष्ट हजार खिशातून घालायचे. बाकीच्या एकसष्ट ओळींचा नफा त्यात बुडून गेला असता.

मी लगेच बोलले नाही. का ते सांगते. मला वाटलं, करार आला की सांगू. मग वाटलं, करार आल्यावर सांगून काय उपयोग, सही झालेली असेल. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर तिने कोटेशन मागे घ्यावं लागेल, आणि शनिवारी टाइल्सवाला येईल. मी उठून रस्त्यापर्यंत गेले. परत आले. पाणी प्यायले. फॅनबेल्ट टांगले होते ते उगाच काढून पुन्हा टांगले. एक ट्रेलर वळण घेताना अडकला होता, तो सुटेपर्यंत बघत उभी राहिले आणि तो सुटल्यावर मला अजूनच वाईट वाटलं, कारण बघायला काही उरलं नाही.

"आई, बसा हो एका जागी," सून म्हणाली. "तुमच्याकडे बघून मलाच गरगरतं. मेल गेलाय, आता उत्तर येईल तेव्हा येईल."

"उत्तर कधी येल?"

"पाचव्यांदा विचारताय."

"मंग सहाव्यांदा सांग."

ती हसली. ती हसली तेव्हा मला बसवेना. मी छापलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

तिने बघितलं. मग मशीनवर जाऊन त्या दाताचा जुना हिशेब उघडला. खाली खाली भाव दिसत होते. चौदाशे ऐंशी, चौदाशे ऐंशी, चौदाशे ऐंशी. सगळ्यात वर साडेअकराशे. त्याच्यापुढे बिल करणाऱ्याचं नाव होतं. तिनेच मला दिलेलं नाव, "आई".

"हे तुम्ही केलंत?"

"मीच केलाय. बोहनी होती."

"बोहनी!" ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. "एकशे चाळीस रुपये तोट्यात बोहनी? आणि वर बिल कंपनीच्या नावाने? रोखीचं बिल काउंटरच्या नावाने करतात, आई, मी शिकवलं होतं तुम्हाला!"

"त्याला कंपनीच्या नावानं पायजे होता."

"त्याला पाहिजे म्हणून! त्याला विमानतळ पाहिजे असता तर दिला असतात?"

"ओरडू नको. रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे." मग तिने विचारलं, "कधी बघितलंत हे?"

"मगाशी. अकराला."

घड्याळात दीड वाजला होता. तिने घड्याळाकडे बघितलं आणि मोबाइल उचलला. अजून ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने कंपनीच्या खरेदी साहेबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. "दुसरा मेल पाठव, चूक झाली म्हणून," मी म्हटलं. ती म्हणाली, "नुसता मेल पाठवला तर तो म्हणेल, भाव बघून पलटले. तोंडावर सांगायला पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही सांगायला पाहिजे."

आम्ही शटर ओढलं आणि तिच्या स्कूटरवरून निघालो. तिने मला हेल्मेट घातलं, त्याचा पट्टा हनुवटीखाली रुतत होता. पनवेल ओलांडून पुढे डंपरच डंपर. आमच्या पुढच्या डंपरमधून माती उडत होती, ती दातांत करकरत होती. माझं माहेर त्याच बाजूचं. जिथे आमची खाचरं होती तिथे आता काय आहे ते मला ओळखता येत नाही. भावांना जमिनीचे पैसे मिळाले, त्यांनी गाड्या घेतल्या, एकाची विकूनही झाली. मी त्या दिवशी ते बघायला गेले नव्हते. माझं लक्ष सुनेच्या पाठीकडे होतं. प्रत्येक सिग्नलला मी विचारत होते, "किती राहिलं?"

साहेबांची कचेरी म्हणजे एक लोखंडी कंटेनर, आत एसी. साहेब तिशीचा, कोल्हापूरकडचा असावा. मला बघून उठला, खुर्ची दिली. मी बसले नाही.

"आजी, तुम्ही स्वतः?" तो म्हणाला. "अहो, तुमचंच कोटेशन वर ठेवलंय मी. दाताचा भाव बघून साहेब लोक खूश. कळंबोलीवाला चौदाशे वीस म्हणतोय, तुम्ही साडेअकराशे."

"तो भाव चुकलाय," मी म्हटलं. "माझ्यामुळं."

सुनेने सांगायला सुरुवात केली, मशीन मागचा भाव कसा उतरवतं वगैरे. त्याने हात वर केला आणि स्वतःचं मशीन आमच्याकडे वळवलं.

"मॅडम, माझ्याकडेही मागचा भाव साडेअकराशेच दिसतोय. हे बघा. तुमचंच बिल, मेकॅनिकने लावलेलं. मी तर तेच बघून बसलोय आठवडाभर." त्याचा आवाज बदलला. "म्हणजे वर्षभर आमच्याकडून चौदाशे ऐंशी घेतले, आणि रोखीत साडेअकराशेला परवडतं तुम्हाला. मग माझ्या साहेबांना मी काय सांगायचं? की हे लोक वर्षभर आपल्याला लुबाडत होते?"

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटत होतं, फार तर करार जाईल. तो आम्हाला चोर समजत होता.

"परवडत नाय," मी म्हटलं. "बोहनी होती. त्याच्याकडं तेवढेच होते. पहिला गिऱ्हाईक मी परत पाठवत नाय."

"बोहनी मला कळते, आजी. माझ्या वडिलांचंही दुकान होतं. पण बोहनीला कुणी पाच-दहा रुपये सोडतं. तीनशे तीस सोडत नाही."

"मी सोडते."

"हे मी फाइलवर लिहू? आजी सोडतात?"

सून लाल झाली होती. मी तिला म्हटलं, "खरेदीचा बिल दाखव त्याला."

"आई!"

"दाखव."

दुकानदाराने गिऱ्हाइकाला सगळं दाखवावं, खरेदी दाखवू नये. माझ्या नवऱ्याने ते बिल कधी उघडं ठेवलं नाही, मीसुद्धा गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवत आले. सुनेने मोबाइल काढला, पण तो हातात धरून ती नुसतीच उभी राहिली. मी तिच्या हातातून घेतला नाही, मला ते उघडता आलं नसतं. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले. तिने बिल उघडलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

त्याने वाचलं. एका दाताची खरेदी, बाराशे नव्वद. तारीख बोहनीच्या आधीची. त्याने ते दोनदा वाचलं, मग मागे टेकून बसला.

"म्हणजे खरंच तोट्यात दिलात."

"मंग काय खोटं बोलायला एवढी धूळ खात आले?"

तो हसला, पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. चौदाशे ऐंशीतून बाराशे नव्वद वजा करत होता. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चुकीचं कोटेशन मी बाजूला ठेवतो, आज पाचपर्यंत सुधारून पाठवा. पण चौदाशे ऐंशी विसरा, मॅडम. तुम्हाला एकशे नव्वद सुटत होते हे आता मला माहीत आहे. कळंबोलीवाल्याच्या खाली या."

"किती खाली?" सुनेने विचारलं.

"तेराशे ऐंशी. बाकी एकसष्ट ओळी आहेत तशा."

सुनेने माझ्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं भाव मी ठरवत आले. तोंडाशी आलं होतं, चौदाशे म्हण, अजून ओढ. पण करार तिने मागितला होता आणि शनिवारची बोली तिची होती. मी एसीकडे बघत राहिले.

"तेराशे नव्वद," ती म्हणाली, "आणि माल साइटवर आम्ही पोचवणार नाही. तुमचा मेकॅनिक कोनवरून येतानाच घेऊन येईल."

"पोचवायचा तुम्हालाच. तेराशे ऐंशी."

"मग पैसे पंचेचाळीस दिवसांनी नाही, तीस दिवसांनी."

त्याने जरा विचार केला. "चालेल."

तिथेच बसून, त्याच्या मशीनशेजारी आपला मोबाइल ठेवून, तिने सुधारलेलं कोटेशन पाठवलं. या वेळी बासष्टच्या बासष्ट ओळी ती वाचत गेली आणि मी तोंडाने भाव म्हणत गेले. कुठे फरक निघाला नाही.

परत येताना ती म्हणाली, "तेराशे ऐंशीत नव्वदच सुटतात आई. पुढच्या वर्षी तो आणखी खाली खेचणार. आपली खरेदी आता त्याला पाठ झाली."

"म्हायती हाय मना."

"आणि आजपासून तुमच्या नावाने भाव फक्त दिसतील. बदलता येणार नाहीत. मी तशी सेटिंग करणार आहे."

मला राग आला. भाव माझे, दुकान माझ्या नवऱ्याचं. पण ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी नुसतं म्हटलं, "आणि बोहनी?"

"बोहनी काउंटरच्या नावाने. तुमच्या पर्समधून."

शुक्रवारी दुपारी कंपनीची ऑर्डर आली. तोवर दोन दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, सून म्हणते मी दुकानाची फरशी झिजवली. तिने मुलाला फोन केला आणि टाइल्सवाल्याला नको म्हणून सांग म्हणाली. मुलगा काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "बोली म्हणजे बोली," आणि फोन ठेवला.

माझं समाधान मात्र झालं नव्हतं. ऑर्डर हातात होती, तरी ते शंभर रुपये मला सलत होते. मी मुंबईच्या होलसेलवाल्याला फोन लावला. नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस.

"बाराशे नव्वदला परवडत नाय," मी म्हटलं. "कमी करा."

"भाभी, इतक्या वर्षांत तुम्ही कधी भाव केला नाही माझ्याशी!"

"तेच तर चुकला. बाराशे दात घेते वर्षाला. दुसरा कोण घेतो एवढे?"

तो दहावर होता, मग पंधरावर आला. मी फोन ठेवीन म्हटलं. पंचवीसवर तो थांबला आणि मीही थांबले.

सून ऐकत उभी होती. "बाराशे पासष्ट?" तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मशीनकडे वळून खरेदीचा नवा भाव टाकू लागली.

"नीट टाक," मी म्हटलं. "आणि मना वाचून दाखव."